फ्लॅश म्हणजे नक्की काय? एका शब्दाने पार अडवलंय

पानोपानी :
नमस्कार मंडळी, एका शब्दावर आठवडाभर अडून बसलेय, जरा मदत करा. रोजच्या वापरातल्या यंत्रांवरचं एक मोठं इंग्रजी पुस्तक मी मराठीत करतेय, शाळा सुटून बरीच वर्षं झाली पण कुतूहल शाबूत आहे अशा माणसाने वाचावं असं. त्यात फ्लॅश हा शब्द पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या प्रकरणात आला, तिथे लखलखाट लिहिलं आणि पुढे गेले. मग तो पेनड्राइव्हमध्ये आला, पुरात आला, तेलाच्या टाकीवरच्या सूचनेत फ्लॅश पॉइंट म्हणून आला, बॉयलरच्या पाण्यात आला, डोळ्यांच्या प्रकरणात आला, बंदुकीवरून पडलेल्या फ्लॅश इन द पॅन या जुन्या वाक्प्रचारात आला आणि काल तर प्लास्टिकच्या टोपणाच्या कडेला जो पातळ पापुद्रा राहतो ना, नखाने ओढला की निघतो तो, त्यालाही फ्लॅशच म्हणतात असं वाचलं.

संपादकांचं म्हणणं असं की एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द ठेवा, शेवटी शब्दसूची द्यायचीये, वाचकाचा गोंधळ नको. म्हणून मी चमक हा शब्द धरला आणि सगळीकडे लावून बघितला, फ्लॅश पॉइंटचं चमकबिंदू केलं. कच्चा मजकूर माझ्या मोठ्या भावाला वाचायला दिला तर त्याने विचारलं, म्हणजे एवढं तापलं की तेल चमकायला लागतं का? ते वाक्य सुरक्षिततेच्या सूचनेतलं होतं हो. कुणी खरंच तसं समजून टाकीत डोकावून बघितलं तर काय होईल या विचाराने मला रात्री झोप आली नाही.

तर प्रश्न असा की या सगळ्या फ्लॅशमध्ये काही एक धागा आहे का, की उच्चार तेवढा सारखा आणि बाकी काहीच संबंध नाही? आणि तुम्ही ज्या कामात आहात तिथे आपापसात मराठीत बोलताना काय म्हणता? पुस्तकी प्रतिशब्द माझ्याकडे ढीगभर आहेत, तोंडातला शब्द हवाय.

रात्रपाळी :
ताई, चमकबिंदू आजच्या आज काढा ही हात जोडून विनंती. मी बरीच वर्षं तेलाच्या तपासणीचं काम केलंय म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. पितळेचं छोटं भांडं असतं, त्यात तेल, वर झाकण, झाकणाला एक छोटी खिडकी. तेल हळूहळू तापवायचं, मिनिटाला पाच-सहा अंशांनी, आत ढवळणी फिरत असते. दर अंशाला ढवळणं थांबवायचं, खिडकी उघडायची आणि बारीक ज्योत आत बुडवून लगेच बाहेर. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका अंशाला तेलाच्या अख्ख्या पृष्ठभागावरून निळसर ज्योत सर्रकन फिरते आणि विझते. बस, तोच फ्लॅश पॉइंट. नवीन माणूस इथे हमखास फसतो, कारण त्याच्या थोडं आधी आपल्या हातातल्या ज्योतीभोवती निळं कडं दिसायला लागतं आणि त्याला वाटतं झालं, ते धरायचं नसतं, ज्योत सगळीकडे पसरली तरच धरायचं.

आणि तेल त्या तापमानाला जळत राहत नाही हे महत्त्वाचं. वरची वाफ भडकते, वाफ संपते, खेळ खलास. किमान पाच सेकंद जळत राहायला अजून तापवावं लागतं, त्याला फायर पॉइंट म्हणतात, म्हणून या दोघांना मराठीत वेगळे शब्द हवेतच. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे कडाक्याच्या थंडीतसुद्धा ठिणगी पडली की पेटायला ते तयारच असतं. बहुतेक डिझेलचा ५० च्या पुढे. चमक शब्दाने यातलं काहीच कळत नाही.

बॉयलरचं पण सांगून टाकतो कारण तिथे उजेडाचा काही संबंधच नाहीये. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं, सात बार गेज दाबाला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा सात बार जास्त असताना, साधारण १७० अंशांपर्यंत. ते पाणी एकदम मोकळ्यावर सोडलं की शेकडा १३ च्या आसपास वजनाचं पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. त्याला आम्ही म्हणतो पाणी फ्लॅश झालं. आग नाही, प्रकाश नाही, पांढरा ढग आणि कान किटवणारा आवाज. तेव्हा तुमचा धागा प्रकाशात शोधू नका, सापडणार नाही असं माझं मत.

शब्दखूण :
रात्रपाळींनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय, आणि मजा अशी की या शब्दाचा इतिहासही तेच सांगतो. इंग्रजीत फ्लॅश हा शब्द आधी पाण्याचा होता. लाट उसळून आदळणं, पाणी फस्सकन अंगावर येणं, स्प्लॅशच्या जवळचा, आवाजावरून पडलेला शब्द. वीज आणि ज्योत यांच्यासाठी तो रुळला तो नंतर, सोळाव्या शतकाच्या सुमारास. म्हणजे ज्याला आपण मूळ अर्थ समजतो तोच पाहुणा आहे आणि पुराचा अर्थ घरातला वाटावा असा आहे. थेम्स नदीवर पूर्वी फ्लॅश लॉक असायचे, बंधाऱ्यात फळ्या लावून पाणी अडवायचं आणि नाव आली की फळ्या काढायच्या, तो जो लोंढा सुटायचा त्याला फ्लॅश म्हणायचे, खाली जाणारी नाव त्या लोंढ्यावर बसून निघून जायची आणि वर येणारीला लोंढा ओसरल्यावर दोराने ओढून घ्यायला लागायचं.

म्हणजे धागा आहे, पण तो उजेडाचा नाही. अडून राहिलेलं काहीतरी एकदम सुटतं आणि लगेच ओसरतं, तो धागा. पाणी सुटलं तर लोंढा, वाफ पेटली तर भडका, ढगातून सुटली तर वीज. ६ मे २०१० ला अमेरिकेत शेअरचे भाव काही मिनिटांत धाडकन कोसळले आणि अर्ध्या-पाऊण तासात बरेचसे परत वर आले, त्याला फ्लॅश क्रॅश नाव पडलं ते याच अर्थाने. नायजेरियात मला फ्लॅश कर म्हणजे मिस कॉल दे. घंटी वाजते आणि बंद होते, एवढंच.

आता आपल्या चमक शब्दाकडे बघा, त्याला कमी लेखू नका. वीज चमकते. कंबरेत चमक भरते, तिथे कुठला उजेड? आणि कुणी मागून हाक मारली की माणूस चमकतो, म्हणजे दचकतो. इंग्रजी शब्द पाण्यातून उजेडात आला आणि आपला उजेडातून निघून दुखण्यात आणि दचकण्यात गेला, पण अचानकपणा दोघांनीही सोडला नाही. त्याहून सुंदर शब्द लवणे. डोळ्याचं पातं लवतं आणि वीजही लवते. पातं लवतं न लवतं तोच, असं आपण बोलतो तेव्हा फ्लॅशचा जो काळ आहे तो बरोबर मोजलेला असतो.

बंदुकीच्या वाक्प्रचाराला तर नवीन काही करूच नका. जुन्या बंदुकीत नळीच्या बाहेर छोटी वाटी असायची, तिच्यात थोडी दारू, तिला आपल्याकडे रंजक म्हणायचे. चाप ओढला की रंजक पेटायची आणि तिची आग भोकातून आत जाऊन मुख्य दारूला लागायची. कधी कधी रंजक नुसतीच भपकन पेटून जायची आणि गोळी आतच. दिसायला मोठं, घडलं काहीच नाही. यासाठी आपण रोज म्हणतोच की, फुसका बार.

बूटलोडर :
फ्लॅश मेमरीबद्दल मी लिहितो, हे माझं रोजचं काम आहे. नाव कसं पडलं ते माहीत असेल तर भाषांतर सोपं जाईल. फुजिओ मासुओका हे तोशिबातले इंजिनियर, त्यांनी ही मेमरी शोधली आणि १९८४ मध्ये जाहीर मांडली. त्यातली माहिती एका दणक्यात पुसली जाते हे बघून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि त्यांनी हे नाव सुचवलं. म्हणजे इथे फ्लॅश हा शब्द साठवण्याबद्दल नाहीये, पुसण्याबद्दल आहे! हे बहुतेक लोकांना माहीत नसतं, आणि तुमच्या पुस्तकात एक ओळ यावर आली तर वाचकाला फार आवडेल.

याच्या आधीच्या चिप मी हाताळल्यात. एका प्रकारात चिपच्या पाठीवर काचेसारखी गोल खिडकी असायची, आत सोनेरी तारा दिसायच्या, आणि पुसायचं म्हटलं की ती चिप अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्यायची, खिडकीवर एरवी कागदी चिकटपट्टी लावायची नाहीतर उजेडाने माहिती हळूहळू जायची. गंमत बघा, जिला खरंच उजेड लागायचा तिचं नाव फ्लॅश नाही, आणि जिला उजेडाची गरजच नाही ती फ्लॅश. दुसऱ्या प्रकारात विजेने पुसता यायचं पण एकेक बाइट करून. फ्लॅशमध्ये अख्खा ब्लॉक एकदम पुसला जातो.

म्हणून आम्ही बोलताना चिप फ्लॅश केली म्हणतो तेव्हा जुनं सगळं पुसून नवीन भरलं असा अर्थ असतो, आणि या दोन्हींच्या मधली वेळ फार नाजूक असते. सुरुवातीच्या काळात मी घरचा राउटर फ्लॅश करत होतो आणि मध्येच लाइट गेली. जुनं पुसून झालं होतं, नवीन भरायचं होतं. त्यानंतर त्याचा दिवा लागलाच नाही. तेव्हा तुमच्या पुस्तकात फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्येच भरलेला त्याला चालवणारा प्रोग्रॅम) फ्लॅश करणे असं कुठे आलं तर नुसतं अपडेट करणे लिहू नका, पुसून पुन्हा भरणे असं लिहा, म्हणजे मध्ये वीज का जाऊ द्यायची नाही ते वाचकाला आपोआप कळेल. मेमरीला मात्र फ्लॅश मेमरीच राहू द्या.

वेबसाइटवर गेम आणि कार्टून चालायचे ते फ्लॅश पुस्तकात आहे का? असेल तर शब्दखूण यांना आवडेल अशी गोष्ट आहे. त्या सॉफ्टवेअरचं आधीचं नाव फ्यूचरस्प्लॅश, १९९६ च्या शेवटी ते बनवणारी कंपनी मॅक्रोमीडियाने घेतली आणि नाव आखडून फ्लॅश झालं. पुढे ॲडोबीकडे गेलं आणि २०२० च्या अखेरीस बंद पडलं. पाण्याच्या शब्दातूनच निघालं म्हणायचं.

एकबटादोनशे :
फोटोवाल्याचं पण ऐका. फ्लॅशला लखलखाट नका करू, लखलखाट म्हटलं की दिवे बराच वेळ लागलेले वाटतात, दागिन्यांचा असतो, रोषणाईचा असतो. आम्ही फ्लॅश मारतो, फ्लॅश उडतो, आणि चष्म्यावर फ्लॅश येतो. कुणी चकाकी मारली म्हणत नाही. हा शब्द आता मराठी आहे, त्याला क्रियापदंसुद्धा आपली लागलीत.

सुरुवातीला मॅग्नेशियमची पूड पेटवायचे, जर्मनीत १८८७ मध्ये तशी पूड निघाली, भपकन जाळ आणि खोलीभर धूर. मग काचेचे बल्ब आले, एका फोटोला एक बल्ब, जळाला की फेकायचा. मग अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायू भरलेली नळी आणि विजेचा साठा वापरून पुन्हा पुन्हा उडणारा फ्लॅश १९३० च्या दशकात कामाला लावला, त्यांचे ते सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचे फोटो बघितले असतील. आजचा मोठा फ्लॅशही तसाच, आधी चार्ज होताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो थांबला की समजायचं भरला, आणि मग सगळं साठलेलं एका क्षणात बाहेर. अडलेलं सुटणं म्हणालात ना, ते इथे कानाने ऐकू येतं.

किती क्षणिक ते पण सांगतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत शटरचा वेग सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापलीकडे नेला की फोटोत एका बाजूला काळा पट्टा येतो, कारण फ्लॅश उडतो तेव्हा शटरचा पडदा अर्धवट झाकलेला असतो. उजेड येऊन गेला, पडदा आडवाच. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे खरं तर छोटा दिवा, तो थोडा वेळ लागून राहतो, टॉर्च म्हणून वापरतोच की आपण. गंमत म्हणजे अमेरिकेत टॉर्चला फ्लॅशलाइट म्हणतात ते उलट कारणाने, पहिल्या टॉर्चमधले सेल एवढे कमजोर होते की लावायची आणि लगेच विझवायची, सलग जळायचीच नाही.

सावली_दुपार :
मी फक्त डोळ्यांच्या प्रकरणासाठी लिहितेय. दोन वर्षांपूर्वी मला अंधारात डावीकडच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं, मान फिरवली की जास्त. मी बरेच दिवस बाहेरच्या दिव्याचं प्रतिबिंब असेल म्हणून सोडून दिलं. मग डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले तेव्हा गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते अजून लक्षात आहे. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो, वयाप्रमाणे तो आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटायला लागतो, सुटताना पडदा ओढला जातो. पडद्याला दुखणं कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, म्हणून त्याला ओढलं तरी मेंदूला उजेडच दिसतो. बाहेर काहीच नसतं. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं, पण ओढताना पडदा फाटला तर तो सुटू शकतो आणि नजर जाऊ शकते, म्हणून अशा चमका नव्याने दिसायला लागल्या, बरोबर काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डोळे दाखवायचे. माझ्या पडद्याला छोटं भोक पडलं होतं, लेझर करून वाचलं.

म्हणून इथे कृपा करून दृष्टिपटलीय क्षणदीप्ती वगैरे काही लिहू नका. डोळ्यात चमका दिसणे लिहा. वाचणाऱ्या बाईला हे आपल्यालाच होतंय हे ओळखू आलं पाहिजे. आणि पाळी जातानाचे हॉट फ्लॅश आले तर तिथे मात्र चमक नको, आपण बायका अंगातून गरम वाफा येतात असंच म्हणतो.

साचेकाम :
टोपणाचा पापुद्रा राहिला ना. साचा दोन भागांचा असतो, दोन्ही एकमेकांवर दाबून धरलेले, आत पातळ झालेलं प्लास्टिक जोरात घुसतं. दाब कमी पडला किंवा साचा झिजला की सांध्यातून थोडं बाहेर निसटतं आणि तिथेच गोठतं. आम्ही फ्लॅश आला एवढंच म्हणतो, मग पात्याने कापून काढायचा. तुम्ही पापुद्रा लिहिलंय तेच ठेवा, छान आहे. सांध्यातला पापुद्रा लिहिलं तर अजून नेमकं होईल.

पानोपानी :
काय बोलू, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं अख्खं प्रकरण सोडवलंत. सावली ताई, तुमचा परिच्छेद वाचून मी आईला फोन केला, तिला असं काही दिसतंय का विचारायला. नाही म्हणाली, बरं वाटलं.

संपादकांशी बोलले. त्यांना मी शब्दखूण यांचा लोंढा आणि बूटलोडर यांची पुसण्याची गोष्ट वाचून दाखवली, आणि म्हटलं की एका वस्तूला एकच शब्द हे मला पूर्ण मान्य आहे, फ्लॅश पॉइंटला पान १० वर एक आणि पान ९० वर दुसरं असं मी कधीच करणार नाही, पण एका इंग्रजी आवाजाला एकच मराठी आवाज हे नको. त्यांनी मानलं. कॅमेरा आणि मेमरी यांना फ्लॅश, पुराला अचानक आलेला लोंढा, डोळ्यात चमका, टोपणाला सांध्यातला पापुद्रा, बंदुकीला फुसका बार. बॉयलरसाठी झटक्यात वाफ होणे असं लिहिलंय. पुराच्या तिथे अजून एक वाक्य घातलं, की पाऊस पडल्यापासून सहा तासांच्या आत आणि पुष्कळदा त्याहून कितीतरी लवकर येणाऱ्या पुराला हे नाव आहे आणि तो डोंगरात पडलेल्या पावसाने खालच्या कोरड्या ओढ्यातही येतो, वर आभाळ निरभ्र असताना.

फ्लॅश पॉइंटचं वाक्य आता असं झालंय, रात्रपाळी दादा जरा बघा : "ज्या किमान तापमानाला तेलाच्या पृष्ठभागावरची वाफ ज्योत लागताच क्षणभर भडकून विझते ते तापमान. या तापमानाच्या खाली तेल सुरक्षित असते."

रात्रपाळी :
पहिलं वाक्य उत्तम, तसंच ठेवा. मराठी काहीही लिहिलं तरी पुढे फ्लॅश पॉइंट हे शब्दही असू द्या, कारण टाकीवरच्या पाटीवर तेच असतात आणि वाचकाला पाटी ओळखू आली पाहिजे.

दुसरं वाक्य काढा. तेल फवाऱ्यासारखं बारीक उडत असेल, पाइपच्या बारीक चिरेतून दाबाने बाहेर येत असेल, तर फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेटतं, थेंब इतके छोटे असतात की ज्योतीपाशी लगेच वाफ होतात. चिंधीत मुरलेलं तेलही तसंच, वातीसारखं पेटतं. "खाली असताना साठलेल्या तेलावर वाफ पेटण्याइतकी जमत नाही" एवढंच लिहा, आणि फवारा आणि चिंधीचं त्याच परिच्छेदात घाला, तळटीपेत नको.

पानोपानी :
काढलं. फवारा आणि चिंधी दोन्ही त्याच परिच्छेदात घातलंय, भावाला परत वाचायला पाठवतेय.